बटईच्या शेळ्या आणि पंचफुलाबाई

आमच्या बँकेच्या पायऱ्यांखाली कायम चपलांचा ढीग पडलेला असे. बँक म्हणजे काही देऊळ नव्हतं. तेलघाण्याच्या दोन जुन्या खोल्या भाड्यानं घेऊन, चुना मारून, बाहेर पाटी लावली होती. भिंतींना अजून सरकीच्या तेलाचा वास यायचा. तरी खेड्यांवरची माणसं चपला बाहेर काढत, आत येऊन उंबऱ्याशी उकिडवी बसत आणि कोणी विचारेपर्यंत तोंड उघडत नसत. त्या ढिगाकडे एकदा नीट बघून, पायातली चप्पल न काढता आत आलेली आणि सरळ मॅनेजरसमोरच्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई म्हणजे पंचफुलाबाई इंगोले.

ही गोष्ट वाशिमजवळच्या मालेगावची, सत्तरच्या दशकातली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. दुष्काळाची वाईट वर्षं नुकतीच सरली होती आणि बँकांनी आता गोरगरिबांच्या दारी जावं असं वरून ठरलं होतं. मी अमरावतीहून कारकून म्हणून नवा आलो होतो. मॅनेजर पाठक साहेब नाशिकचे. सज्जन होते आणि भित्रेही होते. अशा माणसाची बदली हमखास आमच्या भागात होते.

"कर्ज पाह्यजे," बाई म्हणाल्या. "बकऱ्या घ्याच्या हायेत."

"कोणाला?"

"मले. अन् ह्या सगळ्याइले."

दारात पाच-सहा बाया उभ्या होत्या. सगळ्या केनवडच्या बाजूच्या एका लहान गावच्या, बौद्धवाड्यातल्या, रोजमजुरीला जाणाऱ्या. पंचफुलाबाई त्यांच्यापेक्षा उंचीनं जास्त नव्हत्या, वयानंही नव्हत्या, चाळिशीच्या आतबाहेर असतील. पण त्या खुर्चीत दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "अवो, बाकडं रिकामं हाय न? बसा तं." बाया एकमेकींना ढकलत बाकाच्या कडेवर टेकल्या.

पाठक साहेबांनी नियम सांगितला. जामीन पाहिजे. ज्याच्या नावावर शेती आहे असा कोणीतरी.

"वावर तं गावात बापूसाहेबाचं हाय."

"मग त्यांची सही आणा."

यावर बाई अशा हसल्या की कॅशियरनं नोटा मोजणं थांबवलं. "सायेब, बापूसाहेबाच्याच बकऱ्या वापस कराच्या हायेत. त्याच्याच दारात जाऊन म्हनू का, बापूसाहेब, तुमच्या हातून सुटाचं हाय, जरा सही ठोका?"

त्या बायांच्या घरी शेळ्या होत्या, पण बटईच्या. पाठक साहेबांना बटई ठाऊक नव्हती, मला थोडी होती. जमीनदार आपली शेळी मजुराच्या घरी पाळायला देतो. चारायचं, पाजायचं, रात्री कुशीत घेऊन निजायचं ते बाईनं. पिल्लं झाली की अर्धी त्याची, अर्धी हिची. चांगली अर्धी कोणती ते तोच ठरवणार. मूळ शेळी जन्मभर त्याची. शेळी मेली तर तिचं कातडं नेऊन दाखवायचं, म्हणजे हिनं परस्पर विकली नाही याची त्याला खात्री. इथवर साहेब मान डोलवत होते. पुढचं पंचफुलाबाईंनी सांगितलं. "त्याची बकरी घरात हाय म्हटल्यावर, त्यानं निंदाले बलावलं तं नाई म्हनता येत नाई. शेन काढाले बलावलं तं नाई म्हनता येत नाई. लेकीच्या लग्नात भांडे घासाले बलावलं, तरी नाई. मजुरी मांगाची सोय नाई. मांगतली तं म्हनते, बकरी आनून बांध."

व्याज म्हणतात ते हेच, आणि ते कोणत्याच तक्त्यात बसत नव्हतं. पाठक साहेबांनी नियमाच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. मग म्हणाले, जामीन तर लागेलच.

"मंग आमी एकमेकीच्या जामीन," बाई म्हणाल्या. "मी इची, हे माही. इनं नाई भरलं तं आमी भरू. मी नाई भरलं तं ह्या समद्या माह्या दारात येऊन बसतीन. मले तुमच्या बँकीचा भेव नाई सायेब, पन ह्या बायाइचा हाय."

बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पाठक साहेबांनी हे सगळं सभ्य मराठीत उतरवून वरच्या कार्यालयाला विचारलं. उत्तर आलं नाही. न आलेलं उत्तर म्हणजे होकार, असा अर्थ साहेबांनी काढला. त्यांच्या नोकरीतलं ते पहिलं धाडस असावं, कारण कागदांवर सह्या करताना ते दोनदा पाणी प्यायले.

नव्या शेळ्यांच्या कानाला विम्याचे पितळी बिल्ले मारायचे होते. त्यासाठी जनावरांच्या डॉक्टरांबरोबर मी त्या गावी गेलो. बिल्ले मारून झाले आणि बाईंनी बटईच्या शेळ्या दाव्यांना धरून बाहेर काढल्या. सगळ्या बाया, सगळ्या शेळ्या, वाटणीची पिल्लं काखेत. भर दुपारी, भर गावातून. मुक्काट्यानं दावं सोडून येता आलं असतं, पण बाईंना ते मंजूर नव्हतं. बापूसाहेब ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. माणूस दिसायला रुबाबदार, बोलायला मऊ.

"फुलाबाई, काय कमी केलं तुले?"

"काईच कमी नाई केलं. तुमची बकरी तुमची. जित्ती हाय, पाहून घ्या."

"बँकवाले जप्ती आनतीन तवा माह्याच दारात येशीन."

"आली तं दार लावून घेजा," बाई म्हणाल्या आणि दावं फाटकाला बांधून वळल्या. शेळ्या मागून ओरडत राहिल्या. त्या बिचाऱ्यांना मालकी वगैरे काही कळत नव्हतं, बाईंची सवय होती एवढंच. वळल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बघतोय हे दिसताच मला म्हणाल्या, "काय पाहून राह्यले बाबू? लगन करा, मंग समजंन लेकरू परत देनं कसं रायते."

माझ्या लग्नाचा विषय त्यांनी पुढं कधीच सोडला नाही. हप्ता भरायला आल्या की शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाला खणखणीत जयभीम घालायच्या, खुर्चीत मांडी घालायच्या आणि व्याजाचा हिशेब दरवेळी नव्यानं विचारायच्या. कळला नव्हता म्हणून नाही, भांडायला मजा यायची म्हणून. शेळ्यांना नावं द्यायची त्यांची पद्धतही न्यारी होती. एक काळी, शिंगं वाकडी असलेली शेळी होती, तिचं नाव कलेक्टरीन. "समदं खाते अन् कोनाचंच आयकत नाई." दुसरी गरीब स्वभावाची, जरा भांडं वाजलं की दचकणारी. तिचं नाव काय म्हणून विचारलं तर बाई साहेबांच्या केबिनकडे बघून नुसत्याच हसायच्या.

हीच दचकणारी शेळी पुढच्या हिवाळ्यात मेली.

विम्याचा नियम असा, की जनावर मेलं तर बिल्ल्यासकट कान कापून बँकेत आणायचा. त्याशिवाय दावा मंजूर होत नाही. बाईंचा निरोप आला: शेळी मेली, बिल्ला तुमचा आहे, तुम्ही येऊन काढा. साहेबांनी उलट निरोप धाडला की नियम असा असा आहे. पुन्हा निरोप आला: कान कापला जाणार नाही. शेवटी साहेब आणि मी एका जीपमध्ये जागा मिळवून गेलो.

बाई अंगणात शेळीजवळ काठी घेऊन बसल्या होत्या. कुत्री लांब रांगेत बसून होती. बाजूला खड्डा खणून तयार होता.

"नियम आहे हो बाई," साहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "एवढासा तर कान."

"सायेब, माहा बाप गावचे मेलेले ढोरं वढे. आमच्या आज्यापासून तेच काम. छप्पनमंदी नागपूरहून आला अन् त्यानं सुरी नदीत फेकून देल्ली. म्हने, आजपासून आपल्या घरातलं कोनीच मेल्या जनावराले कापनार नाई. गावानं मारलं त्याले. पानी बंद केलं. त्यानं सुरी उचलली नाई. अन् आता मी तुमच्या पैशासाठी उचलू?" मग त्या जरा थांबल्या. "माही बकरी हाय, मी तिले माती देईन. पन कापाचं असंन तं तुमी कापा. बापूसाहेब कातडं मांगे, तुमी कान मांगता. तुमच्यात अन् त्याच्यात काय फरक हाय, ते मले आज पाहू द्या."

मला अजून आठवतं, ओसरीत टांगलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बाईंचा नवरा सुदाम मान खाली घालून उभा होता. तो बापूसाहेबांकडे सालदार होता, वर्षाच्या ठरावावर राबणारा. विम्याचे पैसे गेले असते तर हप्ते त्याच्याच सालातून भरावे लागले असते.  साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ आकाशाकडे पाहिलं. मग नाशिकच्या त्या शाकाहारी माणसानं कोणाचा तरी वस्तरा मागून घेतला, कोटाच्या बाह्या वर केल्या, देवाचं नाव घेतलं आणि डोळे अर्धे मिटून कान कापला. वाकडातिकडा कापला. बाईंनी त्यांच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला आणि चहा टाकला. साहेब तिथंच अंगणात बसून चहा प्यायले. संध्याकाळपर्यंत आसपासच्या चार गावांत ही बातमी झाली. त्यात कान कमी आणि चहा जास्त होता.

बापूसाहेब दुसऱ्या आठवड्यात बँकेत आले. शाखेत सगळ्यात मोठी ठेव त्यांची. असल्या लोकांना कर्जं वाटणार असाल तर मी माझी ठेव काढून घेतो, असं ते मऊ आवाजात म्हणाले.  आता साहेब त्यांचे पाय धरतात, असंच मला वाटलं. साहेबांनी हातातली बशी खाली ठेवली आणि मला हाक मारली. "अहो, यांना पैसे काढायची स्लिप द्या." बापूसाहेबांनी स्लिप घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि निघून गेले. ठेव काही काढली नाही. बाईंच्या वाऱ्याला उभं राहिलं की माणसाला असं काहीतरी व्हायचं.

खरा घाव बापूसाहेबांनी पावसाळ्यात घातला. सुदामला सालावरून काढलं आणि धुरे बंद केले. धुरा म्हणजे दोन वावरांमधली गवताची पट्टी. मजूर बाया निंदायला गेल्या की शेळ्या धुऱ्यावर सोडायच्या, परतताना गवताचा भारा आणायच्या, हा तिथला जुना रिवाज. गावची गायरानं कधीच कोणाकोणाच्या वावरात विरघळली होती, त्यामुळे धुरा नाही म्हणजे शेळी नाही. बापूसाहेबांनी बाकीच्या शेतकऱ्यांनाही सांगून ठेवलं. जिच्या घरी बँकेची शेळी, तिच्या शेळीला धुऱ्यावर पाय ठेवू द्यायचा नाही. बटईची शेळी असेल तर खुशाल चारा. जप्तीशिवाय, भांडणाशिवाय, बाया आपोआप फाटकात परत येणार होत्या. युक्ती बिनतोड होती. आम्ही बँकेत बसून कर्ज, हप्ता, विमा सगळ्याचा विचार केला होता, शेळी खाणार काय याचा कोणीच केला नव्हता.

बाया सडकेच्या कडेनं शेळ्या चारू लागल्या. बाभळीचा पाला, निंबाचा पाला डोक्यावरून आणू लागल्या. शेळ्यांची हाडं दिसू लागली, दूध आटलं. दोघी जणी बाईंना म्हणाल्या, फुलाबाई, देऊन टाकू वापस. मी वसुलीच्या निमित्तानं गेलो होतो तेव्हा हे बोलणं चाललं होतं.

"ते म्हनते बकरी धुऱ्यावर नाई," बाई म्हणाल्या. "मंग आपनही धुऱ्यावर नाई. धुरा वलांडल्याबिगर वावरात जाता येते का?"

आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग आलं. पाऊस मनासारखा पडत होता, कपाशी आणि हायब्रीड ज्वारी हातभर झाली होती आणि तणही तेवढंच झालं होतं. बौद्धवाड्यातली एकही बाई निंदायला गेली नाही. निंदणाचे दिवस म्हणजे मजुरीचे दिवस. तेवढ्या पैशांवर पुढचे महिने निघायचे. ते सोडायचे म्हणजे स्वतःच्याच पोटावर मारायचं होतं. घरोघर भाकरी अर्धी झाली. सुदाम दूर सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला, त्याच्या मजुरीतून बाईंनी ज्वारी आणून सगळ्या घरांत वाटली. एक हप्ता बुडाला, दुसरा अर्धाच आला. वरच्या कार्यालयानं तेवढ्यात कडक पत्र पाठवलं. होकाराचं पत्र जिथं हरवलं होतं तिथून हे कसं नेमकं पोचलं, देव जाणे. या बायांचे हप्ते थकले तर नवी कर्जं बंद, असा त्याचा मतलब होता.

बापूसाहेबांनी बाहेरगावहून मजूर बाया आणल्या. पंचफुलाबाई सकाळी त्यांच्या बैलबंडीला आडव्या गेल्या नाहीत की शिव्या दिल्या नाहीत. आपल्या शेळ्या घेऊन सडकेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बायाहो, तुमच्या घरी बकरी कोनाची हाय?" दोन दिवसांनी त्या बायाही आल्या नाहीत.

तणानं कपाशी झाकली गेली तेव्हा बापूसाहेबांचा निरोप आला, घरी येऊन भेट. बाई गेल्या नाहीत. पुन्हा आला. गेल्या नाहीत. "त्याइले म्हना, वावर त्याइचं वाया जाऊन राह्यलं, त्याइनं वावरात यावं." शेवटी एका सकाळी बापूसाहेब धुऱ्यावर येऊन उभे राहिले, धोतराला चिखल लागलेला. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, बायांनी मला जे सांगितलं त्यात दर सांगणारीगणिक भर पडत गेली. एवढं खरं, की बाईंनी मजुरी वाढवून मागितली, बापूसाहेब नाही म्हणाले. धुरा मागितला, तोही नाही म्हणाले. तेव्हा बाई खाली बसल्या आणि तंबाखू मळायला लागल्या. कलेक्टरीन आधीच पट्टीत शिरून गवत खायला लागली होती. बापूसाहेबांनी हातातली काठी उचलली, आणि पुन्हा टेकवली. धुरा असा सुटला, आणि त्या दुपारी बाया निंदायला उतरल्या.

त्यानंतर सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. एकीनं शेळ्या विकून लेकीचं लग्न केलं, तिचे हप्ते बाकीच्यांवर आले आणि त्यावरून झिंज्या उपटेपर्यंत भांडणं झाली. सुदामला सालदारी परत मिळाली नाही, त्यानं ती मागितलीही नाही. पण त्या घरांत लेकरांच्या चहात दूध दिसू लागलं. बाईंची थोरली पोरगी वाशिमला वसतिगृहात राहून शिकू लागली. लग्नाच्या घरून भांडी घासायचं बोलावणं आलं की बाया आता आधी मजुरी विचारत. मला विचाराल तर त्या कर्जातून जे काही उभं राहिलं ते हे, आणि आमच्या अहवालात त्यातलं काहीच लिहायची जागा नव्हती.

कर्ज फिटलं तेव्हा वरच्या कार्यालयाला एकदम पंचफुलाबाई आवडू लागल्या. मालेगावात मांडव घातला गेला. अकोल्याहून मोठे साहेब आले, फोटोवाला आला. माझी बदली झाली होती, सामान बांधून ठेवलं होतं, केवळ या समारंभासाठी थांबलो होतो. बाईंना पुढच्या रांगेत बसवलं. त्यांचं चित्त मात्र मांडवाबाहेर होतं. बाजाराचा दिवस होता, आणि विकायला आणलेला बोकड त्यांनी मागच्या खांबाला बांधून ठेवला होता.

मोठे साहेब छान बोलले. म्हणाले, एका दीनदुबळ्या भगिनीला शासनानं आणि बँकेनं शेळ्या दिल्या, तिच्या जीवनात प्रकाश आणला. टाळ्या झाल्या. मग बाईंना साडी-चोळी द्यायला वर बोलावलं आणि दोन शब्द बोला म्हणून माइक पुढं केला. पाठक साहेबांनी डोळे मिटले.

"देल्या नाई," पंचफुलाबाई म्हणाल्या.

माइक जोरात होता. त्या स्वतःच्याच आवाजाला क्षणभर दचकल्या, मग त्यांना तो आवडला असावा.

"सायेब, मले कोनी काई देल्लं नाई. मी पैसे उसने घेतले, बकऱ्या इकत घेतल्या, पैसे याजासकट वापस केले. बँकीनं तिचं काम केलं, मी माहं केलं. ह्यात दान कुठं आलं? दान म्हटलं की मंग पुन्हा कोनाच्या तरी फाटकात उभं राहावं लागते. ते आमी सोडलं." त्यांनी साडीकडे पाहिलं. साडी चांगली होती, निळी, जरीच्या काठाची. "हे साडी फुकट असंन तं नोको. इकाची असंन तं भाव सांगा."

 मोठे साहेब साडी हातात धरून तसेच उभे राहिले. फोटोवाल्याला काय करावं कळेना, त्यानं तेवढ्यात फोटो काढला. मागच्या बाजूला बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या कोणी थांबवेपर्यंत थांबल्या नाहीत. पाठक साहेब टाळ्या वाजवत नव्हते. पण त्यांनी डोळे उघडले होते आणि ते उभे राहिले होते. मीही उठलो.

बाई तोवर खाली उतरून मांडवाबाहेर गेल्या होत्या. मी कनातीच्या फटीतून पाहिलं. त्या खांबाचं दावं सोडत होत्या, आणि बंदोबस्ताचा पोलीस काठी आपटत त्यांच्या अंगावर आला होता.

"ए बाई, कोनाचा हाय हा बोकड?"

"माहा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सरक."